रिपोर्टमध्ये ‘पुन्हा बायप्सी घ्यावी’ असं का लिहिलेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा: “आई ५२ वर्षांची आहे, बीड्या वळते. डाव्या गालाच्या आत तीन महिन्यांपासून जखम आहे, भरत नाही. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात लिहिलंय, ‘तीव्र डिस्प्लेशिया दिसतो, खालचा थर तुकड्यात आलेला नाही, आणखी खोलवरची बायप्सी घ्यावी.’ कॅन्सर आहे की नाही एवढंही पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नसेल तर उपयोग काय? पैसे गेले, आठ दिवस गेले. आता दुसऱ्या लॅबमध्ये द्यावं का?”

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सोलापुरातच काम करते, आणि गालाच्या, जिभेच्या जखमांचे तुकडे आमच्या टेबलावर सतत येत असतात. तुमची तगमग समजते. पण तो रिपोर्ट वाया गेलेला नाही. ज्यांनी तो लिहिला त्यांनी तुमच्या आईच्या बाबतीत अंदाजानं काही ठोकून दिलेलं नाही, आणि त्यांनी सांगितलेली दुसरी बायप्सी याच आठवड्यात करून घ्या. महिनाभर थांबू नका. आता कारण सांगते.

गालाच्या आतल्या अस्तरात वर पेशींचे थर असतात. त्यांच्या तळाशी अतिशय पातळ असा एक पडदा असतो. पडद्याच्या खाली तंतू, रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या आणि मग स्नायू. तंबाखूचा मारा वर्षानुवर्षं होत राहिला की वरच्या थरांतल्या पेशी बिघडायला लागतात. त्यांची केंद्रकं मोठी आणि गडद होतात, एकसारखेपणा जातो, जिथं पेशींचं विभाजन व्हायला नको तिथं ते व्हायला लागतं. हा बिघाड पडद्याच्या वरच असेल तोपर्यंत त्याला डिस्प्लेशिया म्हणतात. सौम्य, मध्यम, तीव्र अशा त्याच्या पायऱ्या आहेत. त्याच पेशींनी पडदा फोडला आणि त्या खाली उतरल्या की तो कॅन्सर. सगळा फरक त्या पडद्यापाशी आहे.

तुमच्या आईच्या तुकड्यात फक्त वरचा थर आला. पडदा आणि त्याखालचा भाग चिमट्यात आलाच नाही. जे काचेवर नाही ते सूक्ष्मदर्शकातून दिसणार कुठून? अशा वेळी दोन चुकीचे मार्ग मोकळे असतात. एक, ‘कॅन्सर नाही’ असं लिहायचं. मग तुम्ही निर्धास्त होणार, जखम खाली वाढत राहणार, आणि सहा महिन्यांनी गळ्यात गाठ घेऊन आई परत येणार. दुसरा, ‘कॅन्सर’ असं लिहायचं. मग कदाचित जिथं छोटी शस्त्रक्रिया पुरली असती तिथं गालाचा मोठा भाग काढावा लागणार, मानेतल्या गाठी काढाव्या लागणार, मांडीचं किंवा छातीचं मांस लावून गाल नव्यानं करावा लागणार. तीव्र डिस्प्लेशियाला तो भाग काढून टाकणं, तंबाखू कायमची बंद करणं आणि ठरावीक काळानं तपासत राहणं, हा उपचार असतो. कॅन्सरचा उपचार पूर्णपणे वेगळा. या दोहोंमधली निवड करण्यासाठी सर्जनच्या हाती आमच्या चार ओळींखेरीज दुसरं काही नसतं. सीटी स्कॅनमध्ये जखम किती पसरली हे दिसेल. ती नक्की काय आहे, ते स्कॅन सांगत नाही. म्हणून त्या चार ओळी लिहिताना जे दिसलं तेवढंच लिहायचं, आणि जे दिसलं नाही ते का दिसलं नाही हेही लिहायचं. तुमच्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच झालंय.

दुसऱ्या वेळी तुकडा घेताना डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. त्यात त्यांचा अपमान नाही. तुकडा जखमेच्या कडेचा घेणार का? जखमेच्या मधोमध बहुतेकदा मेलेली ऊती आणि पू असतो, तिथला तुकडा आला तर आम्हाला सुजेपलीकडे काही दिसत नाही. कडेला बिघडलेला भाग आणि चांगला भाग शेजारी शेजारी असतात, वाचायला तीच जागा उत्तम. आणि खोली पुरेशी असेल का? वरवरचे चार तुकडे देण्यापेक्षा खोल गेलेला एक तुकडा आमच्या कामाचा.

आता आठ दिवसांचं. तुकडा लॅबमध्ये येतो आणि यंत्रात घातला की कागद बाहेर पडतो, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तुकडा आधी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती सडू न देणाऱ्या द्रवात, मुरावा लागतो. फॉर्मॅलिन ऊतीत साधारण तासाला एक मिलिमीटर या वेगानं शिरतं, त्यामुळे मोठा नमुना एका रात्रीत तयार होत नाही. मग तो कोणत्या रंगाचा, किती मोठा, कुठून कापायचा हे पॅथॉलॉजिस्ट स्वतः हातानं ठरवतो; याला आम्ही ग्रॉसिंग म्हणतो. त्यानंतर रात्रभर अल्कोहोलमधून पाणी काढणं, मेण भरणं, मेणाचा ब्लॉक करणं, मायक्रोटोमवर ३ ते ५ मायक्रॉन जाडीचा काप घेणं, काचेवर चढवणं, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांत रंगवणं. मग वाचन. छोट्या तुकड्याला हे सगळं साधारण तीन-चार दिवसांत होतं. शंका आली तर त्याच ब्लॉकचे आणखी खोलवरचे काप घेतात, कधी विशेष रंग देतात, कधी सहकाऱ्याला स्लाइड दाखवतात. तुमच्या आईच्या ब्लॉकचे खोलवरचे काप घेऊन, खाली कुठे पडदा सापडतो का, हे बघण्यात बहुधा वेळ गेला असावा. मीही तेच केलं असतं.

या सगळ्यात एका गोष्टीवर मला अधिक बोलायचंय, कारण ती तुमच्या हातात आहे: आम्हाला मिळणारी माहिती. तुकड्याच्या बाटलीबरोबर एक फॉर्म येतो. त्यावर बहुतेक वेळा नाव, वय आणि ‘गालाची जखम’ एवढंच असतं. जखम कधीपासूनची, पूर्वी तिथं पांढरा चट्टा होता का, तोंड उघडायला त्रास होतो का, टोकदार दात लागतो का, आधी कधी रेडिएशन घेतलंय का, मधुमेह आहे का, हे सगळं आमच्या मताला आकार देतं. रेडिएशननं बदललेल्या पेशी बिघडलेल्या पेशींसारख्या दिसू शकतात. टोकदार दात सतत लागून झालेल्या जखमेच्या कडेला पेशी घाबरवून सोडतील इतक्या चवताळलेल्या असतात. हे आधी माहीत असेल तर आम्ही वेगळ्या नजरेनं बघतो.

आपल्या सोलापुरात यातला एक गुंता मला फार टोचतो. बाईला विचारलं, “तंबाखू खाता का?” तर ती म्हणते, “नाही.” खरंच म्हणते. कारण ती तंबाखू खात नाही, मिश्री लावते. सकाळी, दुपारी, कामाला बसण्याआधी. तिच्या लेखी ती दात घासायची गोष्ट आहे. फॉर्मवर मात्र ‘व्यसन नाही’ अशी नोंद होते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. पूर्व भागातल्या बीडी कामगार बायकांशी मराठीत बोललं की उत्तर अर्धं मिळतं, तेलुगूत विचारलं की पूर्ण मिळतं, हा माझा अनुभव. तुमच्या आईला तिच्या भाषेत, शांतपणे विचारा आणि मिश्री असेल तर ते दुसऱ्या बायप्सीच्या फॉर्मवर लिहून घ्या. आणि मिश्री आजच बंद करा. निदान काहीही येवो, हे थांबलंच पाहिजे.

समजा दुसऱ्या बायप्सीत कॅन्सर निघाला. (निघेलच असं मी म्हणत नाही, तीव्र डिस्प्लेशियावरच थांबलेल्या कितीतरी जखमा आम्ही पाहतो.) तर पॅथॉलॉजिस्टचं काम तिथं संपत नाही, खरं मोठं काम तिथून सुरू होतं. शस्त्रक्रिया चालू असताना कड मोकळी आहे का हे तपासायला सर्जन फ्रोझन सेक्शन मागू शकतात. ताजा तुकडा उणे २० अंशांच्या आसपास गोठवून, कापून, साधारण वीस मिनिटांत आम्ही ऑपरेशन थिएटरला उत्तर देतो. कडेवर रोग असेल तर सर्जन तिथल्या तिथं आणखी कापतात. पेशंटला दुसऱ्यांदा भूल घ्यावी लागत नाही. ही सोय सगळ्या ठिकाणी नसते, तेव्हा आधी विचारून ठेवा.

काढलेला भाग आमच्याकडे आला की त्याच्या प्रत्येक कडेला शाई लावून आम्ही मोजमाप करतो. ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त निरोगी ऊतीची कड मिळाली तर ती मोकळी मानतात. त्याहून कमी असेल तर पुढच्या उपचाराचा विचार बदलतो. कॅन्सर किती खोल गेला हेही मिलिमीटरमध्ये द्यावं लागतं. तोंडाच्या कॅन्सरचे टप्पे ठरवण्याचे जे नियम २०१८ पासून लागू आहेत, त्यांत दोन सेंटिमीटरच्या आतली गाठसुद्धा ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेली असेल तर तिचा टप्पा वाढतो. वरून छोटी दिसणारी जखम आणि प्रत्यक्षातला रोग यांत किती अंतर असू शकतं, ते यावरून कळेल. मानेतल्या लसीका गाठी चरबीत लपलेल्या असतात, त्या बोटांनी चाचपून एकेक शोधाव्या लागतात. त्यांत रोग आहे का, असेल तर गाठीचं आवरण फोडून बाहेर पडलाय का? बाहेर पडला असेल तर बहुधा रेडिएशनबरोबर केमोथेरपीही द्यावी लागते. नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर कदाचित काहीच द्यावं लागत नाही. म्हणजे आईला सहा-सात आठवडे रोज रेडिएशनला न्यायचं की घरी आणायचं, हा निर्णय एका गाठीच्या कडेवर काय दिसलं यावर टेकलेला असतो.

मानेच्या गाठी सुरुवातीलाच काढाव्यात की पुढे वाढल्या तर काढाव्यात, यावर डॉक्टरांमध्ये पुष्कळ वर्षं वाद होता. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं तो मिटवला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहून, गाठीत रोग दिसला तरच काढायचं ठरवलेल्यांपैकी ६७.५ टक्के. सर्जननी मान उघडण्याचा आग्रह धरला तर घाबरू नका. त्यामागे हे आकडे आहेत.

मशीनबद्दलही तुमच्या प्रश्नात एक ओळ होती, ‘हल्ली सगळं मशीनच करतं ना?’ रक्ताच्या तपासण्यांत यंत्रं खूप काम करतात हे खरं, पण तिथंही शेवटी कुणीतरी बघावं लागतं. पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत हे रोज घडतं. यंत्र प्लेटलेट ४० हजार दाखवतं, घरचे लोक प्लेटलेटच्या पिशवीसाठी रक्तपेढ्या पालथ्या घालायला लागतात. स्लाइड करून पाहिली तर प्लेटलेट भरपूर, फक्त रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झालेले; यंत्रानं ते मोजलेच नाहीत. सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं की खरा आकडा मिळतो. दुसरं उदाहरण बीडी वळणाऱ्या बायकांमध्ये नेहमी दिसणाऱ्या रक्तक्षयाचं. लोह कमी असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. आईचं हिमोग्लोबिन आणि हा आकडा एकत्र वाचायला हवा. नुसत्या आकड्यावर मधुमेहाची गोळी सुरू करू नये. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात घरून घेतलेलं रक्त दुपारभर पिशवीत फिरलं, तर साखर कमी दिसते आणि पोटॅशियमचा आकडाही चुकतो. नळीतल्या पेशी साखर खात राहतात. नमुना लवकर पोचवा, नाहीतर सकाळी लॅबमध्येच जाऊन द्या.

क्षयाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते, कारण मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठूनही मानेतल्या गाठींचे पेशंट येतात तेव्हा हाच घोळ होतो. गाठ काढली की ती सगळी फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. फॉर्मॅलिननं जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, करता येत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळत नाही. क्षयाची शंका असेल तर गाठीचा एक भाग सलाइनमध्ये वेगळा द्यायचा, सीबीनाट (क्षयाचे जंतू ओळखणारी तपासणी) आणि कल्चरसाठी, आणि तो लगेच पोचवायचा. कॅन्सरसाठीचा भाग मात्र फॉर्मॅलिनमध्येच, आणि ते तुकड्याच्या कमीत कमी दहापट हवं. सलाइनमध्ये रात्रभर पडलेला तुकडा सडतो.

तुमची आई ५२ वर्षांची आहे म्हणून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल आणखी एक. आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी होते; देशातली ग्रामीण भागाची ती पहिली. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३० हजारांहून अधिक बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी आयुष्यात एकदा झाली, तिथं तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत आठ वर्षांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. आज जगभर या तपासणीची शिफारस होते तेव्हा आपल्या शेजारच्या गावांतल्या बायकांचा आधार घेतला जातो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आईची तोंडाची बाब मार्गी लागली की तिची ही तपासणी झालीय का ते विचारा. बहुतेक झालेली नसेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, दुसऱ्या लॅबमध्ये द्यावं का. दुसरं मत घ्यायला काहीच हरकत नाही, आणि चांगला पॅथॉलॉजिस्ट त्यानं दुखावत नाही. पण तुमच्या बाबतीत त्याच तुकड्यावर दुसरं मत घेऊन फार हाती लागणार नाही. खालचा थर तुकड्यातच नाही, तो दुसऱ्या लॅबमध्ये कुठून येणार? आधी नवी बायप्सी. ती आली की दोन्ही वेळच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. पेशंट म्हणून तुम्ही ते मागू शकता, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बार्शीला किंवा मुंबईला टाटाला जायचं ठरलं तर तिथले पॅथॉलॉजिस्ट आधी हेच बघतात. नुसता कागद नेऊन भागत नाही. ब्लॉक महत्त्वाचा, कारण त्यातून नव्या स्लाइड काढता येतात. फक्त उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात बंद उभ्या गाडीत आत तेवढं सहज तापतं. हातातल्या पिशवीत, सावलीत न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार करायचे असतील तर मंजुरीसाठीही बायप्सीचा रिपोर्ट लागतो, म्हणून मूळ प्रत जपा आणि झेरॉक्स द्या.

रिपोर्टवर सही कुणाची आहे तेही बघा. पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही रिपोर्टवर हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलंय. सहीखाली पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असायला हवा. एका डॉक्टरची स्कॅन केलेली सही चार ठिकाणच्या रिपोर्टवर छापलेली मी पाहिली आहे, आणि त्या डॉक्टरांनी ते नमुने डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. असा रिपोर्ट घेऊन कुणी आलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या कागदावर विसंबून कुणाच्या तरी अंगावर सुरी चालणार असते.

तुमच्या रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर याच शहरात असतील तर त्यांना जाऊन भेटा. पुष्कळांना हे माहीतच नसतं की पॅथॉलॉजिस्टला भेटता येतं, प्रश्न विचारता येतात. तुमच्या सर्जननाही त्यांच्याशी फोनवर बोलायला सांगा. नव्या बायप्सीच्या आधी ते दोघं पाच मिनिटं बोलले तर तुकडा कुठून घ्यायचा हे नीट ठरेल. नव्या रिपोर्टमध्ये कॅन्सर आहे की नाही, असेल तर त्याचा प्रकार आणि प्रत (पेशी किती बिघडल्या आहेत ती पायरी), आणि तुकड्यात मोजता आली तर खोली, एवढं असलं पाहिजे. यातलं काही नसेल किंवा कळलं नाही, तर सहीखालच्या नावाच्या डॉक्टरांना विचारा, आणि त्यांनी सांगितलेलं आईला तिच्या भाषेत सांगा.